शुअर मॅडम

कुडव्यातल्या माझ्या घरमालकीण काकूंनी त्या दुपारी पुढचं ताट बाजूला सारलं नसतं, तर एक नवरी जुन्याच ब्लाऊजवर हळदीला बसली असती. म्हणून आधी काकूंना नमस्कार, मग बाकीचं.

माझी नववीत शाळा सुटलेली. नवऱ्याच्या राईस मिलमधल्या नोकरीपायी सांगलीकडून पार इकडं गोंदियात आले आणि साडीच्या दुकानात काऊंटरवर लागले. आठवड्यातच मालकांनी आम्हाला बोलायला शिकवायला नागपूरहून एक साहेब आणले. दुपारभर त्यांनी शिकवलं ते एवढंच, की गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, 'हो' गावठी वाटतं, 'शुअर मॅडम' म्हणायचं. मालकांनी त्यांना शाल दिली. दुकानातलीच, डाग पडलेली.

मग काय! साडी बदलून मिळेल? शुअर मॅडम. फॉल उद्यापर्यंत? शुअर मॅडम. मागे बसणारे शिलाई मास्टर कात्री थांबवून विचारायचे, "बेटा, ये शुअर सिलेगा कौन?" शहरातल्या बायका मुरलेल्या. शुअर ऐकलं की रोज फोन करायच्या. कापडाला अजून कात्री लागलेली नाही, हे त्यांना बरोबर कळायचं.

चोरखमारा गावाहून बसनं आलेल्या एका आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. लेकीचा ब्लाऊज शिवायला टाकून तिनं विचारलं, "शुक्रवारी भेटन का वो? शनिवारी हळद हाय."

मास्टर उद्या गावी निघणार, हे मला ठाऊक. मालक गल्ल्यावर, कान माझ्याकडे. ही नोकरी गेली तर मला दुसरी कोण देणार?

"शुअर मॅडम."

"म्हंजे हो का?"

"हो."

ती उठली. पावती नाही, फोन नंबर नाही. तिच्या गावाकडे हो म्हटलं की काम झालंच.

शुक्रवारी ती दारात हजर, पिशवीत माझ्यासाठी घरचे पोहे. कापड घडीतच होतं. मालक गोड हसून म्हणाले, "शुअर, सोमवारी!" तिचा चेहरा मला बघवेना. कापड आणि मापाचा ब्लाऊज उचलला, तिला घेतलं आणि ऑटोनं सरळ कुडव्याला काकूंचं घर गाठलं.

काकू नुकत्या जेवायला बसलेल्या. मी रडतरडतच सांगितलं.

"हो काऊन म्हटलंस मंग?"

"दुकानाचा नियम आहे, काकू."

"नियम ब्लाऊज शिवते का? रडू नको. हुक लाव."

काकूंची पायमशीन संध्याकाळपर्यंत थांबली नाही. ती आई पायरीवर बसून धागे तोडत होती. मधेच तिनं विचारलं, "का वो, तुमचा मालक पगार बी शुअरच देते का?" काकूंना इतकं हसू आलं की टाका वाकडा गेला आणि उसवावा लागला. पण ब्लाऊज घेऊनच तिनं शेवटची बस धरली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी दरडावलं, "पुन्हा काम सोडून जाणार नाहीस ना?"

"शुअर सर," मी म्हणाले.

काकूंनी शिलाई घेतली नाही. पोहे तेवढे अर्धे वाटून घेतले. त्यांचे गुडघे दुखतात, तरी पायमशीनच चालवतात. मी त्यांना म्हणाले, "एक दिवस तुमच्या मशीनला मोटर बसवून देईन."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "शुअर?"

"नाही काकू. हो."