खाऱ्या पाण्यातली कूस

भुताखेताचं सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर खोटारडा म्हणत आलोय. माझं वावर स्मशानाला लागून. रातच्याला तिथं पाणी भरलंय, कधी काय दिसलं न्हाई. तरी हे लिहितोय. शाळा चौथीपर्यंत झाली, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाव राजुरी, तालुका जुन्नर. बायको अंथरुणाला खिळून व्हती, मग गेली. पाठीला जखमा व्हऊ नयेत म्हणून रात्रभर तिची कूस मीच बदलायचो. एक हात खांद्यामागं, एक कमरेमागं, "हं, वळ" म्हणायचं अन् हळू ढकलायचं. ती गेली तरी माझी झोप तशीच मोडत राहिली. हात अंधारात चाचपायचे. भांडं वाजलं तरी वाटायचं, बोलावतीय. जिथं कायच ऐकू येणार न्हाई अशी झोप पायजे व्हती मला... बस.

नातीनं मोबाईलवर दाखवलं — बंद पेटी, आत अंधार, अंगाइतकं कोमट खारं पाणी. माणूस आपोआप तरंगतो, कान पाण्यात. शहरातली लोकं त्यात पडायला जातात म्हणं. मी म्हणलं, घरीच करू.

माझा मेहुणा बबन, बायकोचा धाकटा भाऊ, निरगुडसरचा, शेततळ्याचा प्लास्टिक कागद जोडायचं काम करतो. त्याला बोलावलं.

"दाजी, आपल्यात जाळत्यात. पेटी कशाला बनवताय?"

"तू माप घे."

आधी प्लास्टिकची पाण्याची टाकी आडवी करून वरनं कापली. आत पडलो तर टाकीच डुलायला लागली, कोपरं सोलली. मग गोठ्यातला सिमेंटचा हौद बघितला. पाणी घटकाभरात गार, अन् बबन म्हणला मीठ सिमेंट खाईल. शेवटी जमलं ते असं — लाकडी चौकट, आतनं थर्माकोल, त्यावर शेततळ्याचा कागद, वर झाकण, हवेला भोकं. पाणी सोलरच्या बंबाचं, कोमट. मीठ म्हंजे द्राक्षाला, कांद्याला घालतो ते मॅग्नेशियम सल्फेट, खताच्या दुकानातून गोण्या आणल्या.

दुकानदार म्हणला, "कांद्याला एवढं?"

"म्हाताऱ्याला," मी म्हणलं.

आधी बबन उतरला. कुशीवर व्हायला गेला की पाणी त्याला पलटी मारायचं. मी बी करून बघितलं, नाय जमलं.

"दाजी, हे पाणी उताणंच ठेवतंय. कुशीवर झोपायचं विसरा."

भर दुपारी मी आत गेलो, बबन बाहेर बसला. झाकण लागलं... काळं. कायच न्हाई. ती बी न्हाई. खरं सांगतो, लई दिवसांनी बरं वाटलं.

मग खांद्यामागं हात लागला. दुसरा कमरेमागं. आवाज न्हाई, बोलणं न्हाई. दाब तेवढाच, मी द्यायचो तेवढा. अन् मी वळलो. भ्यालो न्हाई. झोपलो.

बबननं झाकण उघडलं तवा मी डाव्या कुशीवर, गाढ. नाक पाण्याच्या वर. "दाजी!" म्हणून तो वरडला, तसं पाण्यानं मला उताणं फेकलं.

उन्हात बसलो. अंगावर मीठ पांढरं वाळलं. बबन माझ्या पाठीमागं उभा, पाठ न्याहाळत.

"काय रं?"

"दाजी... खांद्यामागं अन् कमरेवर मीठ न्हाई. पंजाएवढी जागा." आपला हात तिथं धरून बघितला अन् म्हणला, "पंजा लहान हाय."

थोरल्या बहिणीचा हात धरूनच तो चालायला शिकलेला. चहा बी न घेता गेला.

डॉक्टर म्हणला, झोपेत माणूस वळतो. म्हणलं, त्या पाण्यात पडून वळून दाखवा. हसला. मी तरी ह्याला उगं कशाला नाव देऊ?

आता रोज दुपारी आत पडतो. पेटी तीच, पाणी तेच. झोप तिथं बी येत न्हाई. खांदा जरा सैल सोडतो, ती सोडायची तसा... अन् वाट बघतो.

पाणी उताणंच ठेवतंय.