रूपरावांनी खाल्लेल्या सुनेच्या गोळ्या

वडनेरच्या रूपरावांनी जन्मात काही वाया जाऊ दिलं नाही. पंगतीत शेजाऱ्याच्या पानात उरलेली बुंदीसुद्धा नाही. त्यामुळे अठ्ठ्याहत्तर साली नर्सबाई सुमित्राबाईंनी त्यांच्या गरोदर सुनेला, जयवंताला, रक्तवाढीच्या शंभर लोहाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्या कुणाच्या पोटात जाणार हे ठरल्यातच जमा होतं.

निमित्त झालं त्यांच्या बायकोचं. रुख्माबाई म्हणाल्या, "लोखंड खाल्लं का लेकरू कायं होते. आपल्या घरात नाई चालत." स्वतःचा नवरा तव्याच्या बुडासारखा काळा होता, पण ते जाऊ द्या.

"मंग फेकता काऊन? सरकारी माल हाय!" रूपरावांनी पुडा उचलला. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, वरून गुळाचा खडा. चार दिवसांत परसाकडचा रंग काळा झाला, तर गडी आणखीच खूश. पारावर बसून सांगायचे, "आंगातला रोग निंगून राह्यला. रक्त तं असं चढलं, का कोनाले बी बाटलीभर देईन!"

इकडे जयवंता सगळ्यांच्या मागून जेवायची, उरल्या भाकरीबरोबर काळा चहा प्यायची आणि विहिरीपर्यंत जाताना दोनदा भिंत धरायची. आठव्या महिन्यात सुमित्राबाईंनी तिची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक.

"गोळ्या कुठं गेल्या?"

सगळं घर रूपरावांकडे बघू लागलं.

"वा रे काकाजी! तुमच्या आंगात लोखंड पहिलेच भरून होतं. पोटाले ते बरोबर समजते. गरज नसली का बहुतेक माल दारातूनच वापस धाडते. तुम्ही साऱ्या गोळ्या वावरात नेऊन टाकल्या! हिचं शरीर उपाशी हाय, त्यानं ओढून घेतल्या असत्या. अन् जेवणासंगं चहा कोण देते हिले? भाजीभाकरीतलं जे भेटते, तेही तो अडवते."

त्याच दिवशी एसटीनं वर्धा गाठलं. डॉक्टर म्हणाले, रक्त द्यावं लागेल, नाहीतर बाळंतपणात बाई हातची जाईल. नवऱ्याचं, प्रेमदासचं, रक्त जुळेना. जुळलं ते नेमकं रूपरावांचं. सुई बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण खाटेवरचा सुनेचा चेहरा पाहिला. पोरगी मेली तर ती आपल्या हावरटपणानं. डोळे गच्च मिटून त्यांनी हात पुढे केला.

"काकाजी, रक्त गेलं ना, आता तुमचं पोट लोखंड घेईल," डॉक्टरांनी गोळ्या पुढे केल्या. "आता खा."

रूपरावांनी पुडा न फोडताच जयवंताच्या उशाशी ठेवला. "तू खाजो. माह्या डोयासमोर."

महिन्यानं जयवंता सुखरूप बाळंत झाली. नात झाली, काळीकुळकुळीत, आजोबाचं नाक घेऊन.

"पाहा, म्या म्हनलं होतं ना, गोयांनी कायं होते!" रुख्माबाई फणकारल्या.

रूपरावांनी नातीला उचललं. "पहिल्या शंभर तं म्याच खाल्ल्या," ते म्हणाले, "अन् मी कायाच होतो. तू गप राह्य, अन् सुनेले पहिले वाढ."