डाव्या हाताची नोंद

कुडाळच्या आमच्या प्रसूतिगृहात डॉक्टर तीन आहेत, पण धाक एकाच माणसाचा : वालावलच्या रसिकाताईंचा. त्या कारकून. प्रसूतीचे कागद वाचायचे, बाळाला झालेल्या प्रत्येक त्रासाला तक्त्यातला ठरलेला आकडा लावायचा आणि तो संगणकात चढवायचा, एवढंच त्यांचं काम. बाळाला पुढच्या तपासणीला कधी बोलवायचं, ते त्या आकड्यावर ठरतं. स्वतःच्या मनाने त्या अक्षरही लिहीत नाहीत. डॉक्टरची सही नसेल तर बाळाची साधी कावीळसुद्धा त्या मानत नाहीत. म्हणून चिठ्ठ्या पाठवतात. मी इथला बाळांचा डॉक्टर. डबा उघडून बांगड्याचा काटा काढत असलो तरी चिठ्ठी येते.

मार्चमध्ये एक आली. "प्रसूतीत खांदा अडकला होता, असं तन्वी सिस्टरांनी लिहिलंय. तुम्ही 'बाळ ठीक' लिहिलंय. दोन्ही हात हलतात का?"

माझं डोकं फिरलं. पोरगं रडलं, दूध प्यायलं. अजून काय त्याने दशावतारात उभं राहायला हवं होतं?

तरी वॉर्डात गेलो. बाळाची आजी सावित्रीबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "आत्ताच निजलो. उठवू नकात, डॉक्टरानू." मागच्या तीन फेऱ्यांत मी हेच ऐकून परतलो होतो. या वेळी रसिकाताई पाठीशी उभ्या होत्या, त्यामुळे दुपटं सोडावंच लागलं. उजवा हात हवेत फिरला. डावा अंगालगत पडून राहिला.

मला माझीच लाज वाटली.

आजींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. "सटीआदी वायट लिवूचा नसता," त्या पुटपुटल्या. सहाव्या दिवशी सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते. तिच्याआधी कुणी काही लिहिलं तर तेच कपाळी येईल, या भीतीने त्यांनी तो हात घट्ट गुंडाळून ठेवला होता. आज चौथा दिवस होता.

मी फाइलीत लिहिलं : खांद्याजवळच्या नसांना इजा, डावा हात हलत नाही. रसिकाताईंनी लगेच आकडा लावला आणि व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडची तारीख घेतली. आजींना रडू फुटलं.

"गो बाय, हात बरो जातलो मां?"

वाटलं, आता तरी रसिकाताई गोड बोलतील. कसलं काय!

"ता माका सांगूक येवचा नाय, आजये. बऱ्याच पोरांचो बरो जाता. पण आता ह्या हाताक कोण इसारचो नाय. तारखेक इलात नाय, तर मी तुमच्या घराकडे येतलंय."

आजींनी डोळे पुसले. मग शेजारणी बाळ बघायला आल्या. मी दुपटं गुंडाळायला पुढे झालो, तर आजींनी मला थांबवलं आणि तो हात सगळ्यांसमोर उघडाच राहू दिला.