शेगडीच्या दारातला कागद

काकूंचा फोन आला तेव्हा मी लोअर हटच्या स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. भाड्याच्या घरांतल्या ओलीबद्दलची, नेहमीचीच. काकू म्हणाल्या, "मुक्ता, हे गेले गं. चहा ठेवला, हाक मारली, तर..." आणि मग अगदी रोजच्या आवाजात, "येताना डेअरीतून दूध आण. लोक येतील." मी गठ्ठा तिथेच बाकावर ठेवला आणि निघाले. दुकानातल्या फ्रीजसमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. काकांना कमी सायीचं लाइट दूध चालायचं नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. शोकसभेत चार जणांनी "साधे गृहस्थ होते" असं म्हटलं. मला ते मान्य नाही. भालचंद्र शिर्के साधे अजिबात नव्हते. हट्टी होते, टोचून बोलायचे, आणि एखादी गोष्ट चुकीची आहे असं वाटलं तर जागचे हलायचे नाहीत. पिंपरीच्या कारखान्यात वीस वर्षं बॉयलर तपासलेला हा माणूस. इकडे आल्यावर 'लोकल एक्स्पीरियन्स' नाही म्हणून ऑकलंडमधल्या पेनरोजच्या एका गोदामात निवृत्त होईपर्यंत खोकी चिकटवत राहिला. मी एकदा म्हटलं, काका, यावर मी पत्रक काढते. तर म्हणाले, "काढू नको. खोकी चांगली चिकटवायचो मी. एकही उघडलं नाही." ते कधी चिडले नाहीत. त्यांच्या वाटचा राग मीच सांभाळून आहे, आणि तो सोडायचा माझा विचार नाही. पुढे मुलाची नोकरी वेलिंग्टनला, म्हणून काका-काकू तिथून जवळच्या लोअर हटला आले, आमच्या मागच्या गल्लीत. गणपतीत ओळख झाली आणि ते आमचे काका झाले.

आम्ही म्हणजे मी आणि आई, दोघीच. या देशात आम्ही सात भाड्याची घरं बदलली. सातही घरांत भिंतींना काळी बुरशी आणि आईच्या छातीत घरघर. माझ्या चळवळीचं मूळ तिथे आहे, कुठल्या पुस्तकात नाही. अखेर एक जुनं लाकडी घर आमचं स्वतःचं झालं. तेही थंडच निघालं. हीटपंप होता तो घराच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या खोलीपर्यंत त्याची ऊब पोचायची नाही. खोलीला लागून बैठकीत एक उघडी फायरप्लेस मात्र होती. असल्या खोबणीत बसवायची लोखंडी पेटी मिळते, पुढे काचेचं दार असलेली. तिला इकडे इन्सर्ट म्हणतात, आम्ही शेगडी म्हणायला लागलो. एक फार्महाउस पाडत होते, तिथली वापरलेली शेगडी मी ऑनलाइन बघितली आणि कुणाला न विचारता घेऊन टाकली.

काका गॅरेजमध्ये आले, तिच्याभोवती एक फेरी मारली. "प्रत्यक्ष बघून घेतलीस की फोटोवरून?"

"फोटोवरून."

"मग स्थळ असंच मिळणार."

पण बाह्या सरसावल्या. सगळ्यात आधी त्यांनी मागच्या बाजूचा गंज पुसून मॉडेलची पट्टी शोधली, कारण ती वाचता आली नाही तर कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, परवानगी देणार नाही. मग आम्ही शनिवार-रविवार बसायचो. तारेच्या ब्रशने गंज काढला, तडकलेल्या विटा बदलल्या, आत वरच्या बाजूला धूर अडवणारी पट्टी वाकली होती, ती नवी आणली. काचेवरचा काळा थर मी महागडा स्प्रे मारून काढत होते, तर काकांनी ओला वर्तमानपत्राचा बोळा राखेत बुडवला आणि दोन मिनिटांत काच लख्ख केली. "राखेने भांडी घासणाऱ्या गावचा आहे मी. तुझा स्प्रे ठेव मिरवायला."

मे उजाडला, म्हणजे इकडचा हिवाळा. दक्षिणेचा वारा सुरू झाला आणि आई रात्रीची उठून बसायला लागली. मला घाई झाली होती. कबूल करते, दोन घाया होत्या. एक आईची. दुसरी अशी की 'ऊब हा हक्क आहे' या पत्रकावर मला पेटलेल्या शेगडीचा फोटो हवा होता. काका एका आठवड्यासाठी ऑकलंडला गेले होते तेव्हा मी शेगडीला काळा रंग मारून टाकला, दोन हात. नव्यासारखी दिसत होती. काका परत आले, शेगडी बघितली. गॅरेजचं दार लावायला सांगितलं, खिडकीवर गोधडी टाकली, शेगडीत टॉर्च ठेवला. अंधारात मागच्या जोडावर केसाएवढी उजेडाची रेघ दिसली.

"रंग शेवटी लावतात, मुक्ता. खरवड."

मी भडकले. एवढ्याशा रेघेने काय होतंय, सगळा देश जुन्या शेगड्या पेटवतोय, तुम्हीही त्या कौन्सिलवाल्यांसारखेच... मी बरंच काही बोलले. शेवटी म्हटलं, "उद्या आईला दम लागला तर जबाबदार कोण?"

"मी," काका म्हणाले. "म्हणून तर पेटवू देत नाही. धूर त्या फटीतून खोलीत आला, तर आधी कोणाच्या छातीत जाणार? आणि त्यातल्या ज्या वायूला वास नसतो, त्याचं काय करशील? पत्रक काढशील?"

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. रंग मात्र खरवडला. चौथ्या दिवशी काकू स्वतः आल्या आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, आमची खोली उबदार आहे. शेगडी होईपर्यंत झोपायला तिकडेच यायचं." आई पाच आठवडे त्यांच्या घरी झोपली. काका तेवढे दिवस हॉलमधल्या सोफ्यावर. सोफा त्यांच्या उंचीला पुरायचा नाही, हे मला काकूंनी परवा सांगितलं. तेव्हा त्यांनी सांगू दिलं नव्हतं. इतकी वर्षं मी ऊब हा हक्क आहे म्हणून ओरडतेय. आपली ऊब उचलून दुसऱ्याला देणारा माणूस मी मागच्याच गल्लीत बघत होते, आणि त्याच्याशी अबोला धरून बसले होते.

फट एका जाणत्या वेल्डरकडून जोडून घेतली, परत टॉर्च लावला, परत अंधार केला. रेघ नव्हती. मग रंग. मग दाराच्या कडेला काचतंतूंची नवी दोरी, जिच्यामुळे दार घट्ट बसतं. ती बसली की नाही हे बघायला काकांनी कागद मागितला. हाताशी माझंच पत्रक होतं. त्यांनी त्याची पट्टी फाडली, दारात धरली, दार लावलं आणि ओढली. सहज निसटली तर दोरी सैल. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. पट्टी कुठेच सुटेना. "बघ, तुझं पत्रक कुठेतरी कामाला आलं." मग उरलेलं पत्रक वाचत बसले. "यात सरकार आहे, घरमालक आहेत, बुरशी आहे. वहिनी कुठे आहेत?" त्या दिवसापासून माझं प्रत्येक पत्रक एखाद्या माणसापासून सुरू होतं. हे मी कुठल्या शिबिरात शिकले नाही.

परवाना असलेल्या माणसाने शेगडी बसवली, धुराडं घातलं, कौन्सिलचा निरीक्षक येऊन सही करून गेला. आईने काचेवर हळदकुंकू लावलं. काका म्हणाले, "आता लाव काडी, पुढारीणबाई." रंगाचा वास जायला पहिले दोन जाळ खिडक्या उघड्या टाकून करायचे होते, त्यामुळे ऊब यायच्या ऐवजी आम्ही चौघं स्वेटर घालून कुडकुडत हसत बसलो. पुढच्याच आठवड्यात आईने दिवाळीच्या उत्साहाने शेगडीतली राख चिमूटभरही न ठेवता पुसून काढली, आत ओलं फडकं मारलं, आणि जाळ धरेना म्हणून काकांना फोन केला. "वहिनी, दोन बोटं राख ठेवायची असते. निखारा तिच्यावरच टिकतो." "पारोशी ठेवायची?" आई म्हणाली. "पारोशीच ठेवायची." उरलेल्या हिवाळ्यात आई एकदाही रात्री उठून बसली नाही.

गेल्या शनिवारी या वर्षीची पहिली खरी थंडी पडली. काकू आमच्याकडे आल्या होत्या, शालीत हात गुंडाळून. आई म्हणाली, पेटव आता. मी पत्रकाची पट्टी फाडली आणि दाराला लावून बघायला लागले. तीन बाजू ठीक होत्या. बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात पट्टी अलगद निसटली.

"आज नाही पेटवणार," मी म्हटलं.

"अगं, एवढ्याशाने काय होतंय? काकू गारठल्यात," आई म्हणाली.

"दोरी बदलते. डिंक रात्रभर वाळायला हवा. उद्या."

काकू म्हणाल्या, "बदल. मी थांबते इथेच." आईने स्वतःची गोधडी त्यांच्या पायांवर टाकली. मी खाली बसून जुनी दोरी उपसून काढली, खाच घासली, नवी बसवली. रात्री काकू आईच्या खोलीत, माझ्या जागेवर झोपल्या, आणि सोफ्यावर मी.

सकाळी पुन्हा पट्टी फाडली, दारात धरली, दार लावलं. काकू येऊन मागे उभ्या राहिल्या. मी त्या कोपऱ्यातून पट्टी ओढली. निसटली नाही. आणखी जोर लावला तशी ती फाटली. अर्धी माझ्या हातात आली, अर्धी दारात घट्ट राहिली.

"आता लाव काडी," काकू म्हणाल्या. आणि मग, त्यांच्या तोंडून आजवर कधीच न ऐकलेला शब्द, "पुढारीणबाई."