घोड्यांची गाजरं

जमिनीतून जे जे म्हणून उगवतं ते माणसाने प्यावं म्हणूनच उगवतं, अशी आमच्या साडूंची ठाम श्रद्धा होती. चावून खाणं हा त्यांच्या दृष्टीने निव्वळ रानटीपणा. दात देवाने दिले ते फोटोत हसण्यापुरते. बाकीचं काम यंत्राने करावं आणि माणसाने फक्त गिळावं. त्यांच्यासमोर एखादं सफरचंद हातात घेऊन खायला लागलं, की चोरून विडी ओढताना सापडल्यासारखं वाटायचं. ते रागवायचे नाहीत. नुसते सफरचंदाकडे बघायचे, मग आपल्याकडे, मग पुन्हा सफरचंदाकडे, आणि हळूच म्हणायचे, "याचा पाऊण ग्लास झाला असता."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, कॉम्प्युटरच्या नोकरीपायी अमेरिकेत आलेले आणि बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत घर करून राहिलेले. काही वर्षांनी आम्हीही त्याच गावात घर घेतलं. बहिणी-बहिणी जवळ राहतील, असा उदात्त हेतू होता. प्रत्यक्षात बहिणी अजूनही फोनवरच बोलतात आणि तावडीत सापडलो तो मी. मी पुण्याचा, चहावर वाढलेला. हिरव्या रंगाचं पेय पोटात घेण्याची वेळ माझ्यावर तोवर कधी आली नव्हती.

या रसवेडाचं कारण मात्र त्यांच्या गराजमध्ये भिंतीवर टांगलेलं होतं. सागवानी पाट, चार कोपऱ्यांना पितळी फुलं. त्यांच्या वडिलांच्या साठीशांतीसाठी आईने हौसेने करवून घेतलेला. वडील साठीच्या आधीच गेले, साखरेच्या आजाराने. पाट माळ्यावर गेला. पुढे थोरल्या भावासाठी तो खाली काढायचा होता, तर भाऊही त्याच आजाराने आणि त्याच वयात गेला. नागपूरचं घर आवरताना साडूंनी तो कोरा पाट कपड्यांत गुंडाळून सुटकेसमधून इकडे आणला. "आमच्याकडे साठी कोणीच पाहिली नाही," ते एकदा मला म्हणाले होते, "मी बसतो त्याच्यावर, तुम्ही पाहाच." हे सांगताना त्यांच्या हातात दुधीचा रस होता, त्यामुळे प्रसंगाचं गांभीर्य तेव्हा माझ्या नीटसं लक्षात आलं नाही.

रसाला भाजी लागते आणि त्यांच्या रसाला ती गाडाभर लागायची. वाण्याच्या दुकानातल्या पिशव्या दोन दिवसांत संपायला लागल्यावर त्यांनी गावाबाहेर शेतीच्या सामानाचं एक दुकान शोधून काढलं. तिथे पोत्यांतून जी गाजरं मिळायची ती घोड्यांसाठी असायची. साडूंनी त्यात वावगं काही पाहिलं नाही. गल्ल्यावरच्या मुलीने पोतं गाडीत चढवून देताना कौतुकाने विचारलं, तुमच्याकडे घोडे किती? साडूंनी मनातल्या मनात घरातली माणसं मोजली, पोतं उचलायला सोबत नेलेल्या माझ्याकडे एकवार पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "थ्री. अँड वन व्हेरी स्टबर्न." तेव्हापासून ती मुलगी दर खेपेला त्या हट्टी घोड्याची विचारपूस करते.

शनिवारची सकाळ माझी. रस काढल्यावर पंधरा मिनिटांत प्यायला नाही तर हवेने त्यातलं सत्त्व उडून जातं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे त्यांच्या घरापासून माझ्या घरापर्यंत ते रुग्णवाहिकेच्या वेगाने यायचे. गाडीचं इंजिन चालू ठेवून ड्राइव्हवेवरून धावत यायचे, बाटली माझ्या हातात द्यायचे आणि माझा घसा खालीवर होताना नीट बघून रिकामी बाटली घेऊन परत जायचे. या भानगडीत एकदा पोलिसाने त्यांना अडवलं. इतक्या घाईने कुठे, असं विचारल्यावर यांनी काच खाली करून त्याला रसाची सगळी मीमांसा ऐकवली आणि खात्री पटावी म्हणून बाटली पुढे केली. त्यात कारलं, केल नावाच्या भाजीचा पाला आणि आलं होतं. त्या भल्या माणसाने झाकण उघडून वास घेतला, ही बाटली कोणासाठी आहे ते विचारून घेतलं आणि दंड न करता नुसती समज देऊन सोडून दिलं. मला वाटतं, त्याला माझी दया आली असावी.

पुढे पुढे गाजराचा रस साडूंच्या अंगात इतका मुरला की त्यांचे तळहात पिवळे दिसायला लागले. त्याच सुमारास आमच्या सासूबाई अकोल्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. बॉस्टनच्या विमानतळावर थोरल्या जावयाने त्यांची बॅग घ्यायला हात पुढे केले मात्र, सासूबाईंनी ते हात आपल्या हातात घेतले आणि तिथेच डोळ्यांना पदर लावला. जावयाला कावीळ झाली आहे आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही, असं म्हणून त्यांनी दोन्ही मुलींना गाडीत बसेपर्यंत धारेवर धरलं. साडू समजावून सांगत होते, "आई, ते गाजर आहे, गाजर." त्यावर सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "तापात बडबडताहेत का हो?" नंतर पुढचे आठ दिवस घरात तेलाचा थेंब आला नाही आणि आमच्या वाटणीचे बटाटेवडे त्या काविळीत गेले ते गेलेच.

रसाची ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला होता चोथा. यंत्राच्या एका तोंडातून ग्लासभर रस पडायचा तेव्हा दुसऱ्या तोंडातून परातभर चोथा पडायचा, आणि ताई, म्हणजे माझी मेहुणी, ही अन्न टाकायला घेतलं की हात थरथरणाऱ्यांपैकी. तिने त्या चोथ्याची थालीपिठं लावली, मुठे वळले, कटलेट केले, पराठे केले. लेकीच्या शाळेच्या डब्यात चोथा, मराठी मंडळात घरोघरचे डबे जमवून होणाऱ्या पॉटलकला चोथा, दिवाळीच्या चिवड्यातसुद्धा कुठूनसा लाल चोथा डोकावायचा. लेक कॉलेजात गेली तरी सुट्टीला घरी आल्यावर रसाकडे बघून "बाबा, इट टेस्ट्स लाइक अवर लॉन" म्हणायची आणि थालीपिठावर दह्याचा गोळा घेऊन तिसरं मागायची. साडू मात्र चोथ्याला शिवत नसत. "रस म्हणजे आत्मा," ते मला समजावून सांगत, "चोथा म्हणजे देह. देहाचा मोह धरू नये." आत्मा पिऊन ते उठत आणि आम्ही सगळे मागे बसून देह लोण्याबरोबर चवीने खात असू.

साठीला वर्ष उरलं तेव्हा ते वार्षिक तपासणीला निघाले. मलाही बरोबर घेतलं. म्हणजे आपला रिपोर्ट मी डोळ्यांनी बघावा आणि चहाच्या बाबतीत कानाला खडा लावावा. डॉक्टर ओळखीचीच होती. मंडळाच्या बालनाट्यात साडूंनी तिला एकदा ससा केलं होतं, ती पोर आता पांढरा कोट घालून समोर बसली होती. तिने कागद पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"काका, शुगर इज अप. बरीच. तुम्ही काय खाता?"

"खातो कुठे? पितो," साडू अभिमानाने म्हणाले आणि त्यांनी सकाळची गाजरं, दुपारची सफरचंदं, संध्याकाळचं बीट आणि अननस असं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "अँड द पल्प? तो चोथा कुठे जातो?"

"तो का? तो घरचे खातात."

ताईचा रिपोर्ट तिनेच महिन्यापूर्वी पाहिला होता आणि तो अगदी नमुनेदार होता. तिने हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. "काका, यू गेव्ह देम द गुड पार्ट. रसात नुसती साखर पीत होता तुम्ही, एकेका ग्लासात आठ-आठ गाजरांची. ज्यूस बंद. टोटली. गाजर खायचं असेल तर एक घ्या आणि चावून खा. जस्ट च्यू, काका." दारापर्यंत सोडायला आली तेव्हा मात्र ती हसत नव्हती. तिने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "आय मीन इट."

परतताना गाडी मी चालवली. बराच वेळ साडू आपल्या पिवळ्या तळहातांकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे आत्मा आणि देह, जरा उलटंच होऊन राहिलं होतं." मी हसलो. ते हसले नाहीत. "बाबांचंही असंच सुरू झालं होतं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. त्यांच्याबरोबर कधी धीराचं बोलायची वेळच आली नव्हती. मी आजवर फक्त चेष्टा केलेली. मला त्या क्षणी त्यांची फार काळजी वाटली आणि ती कशी दाखवायची ते मला माहीत नव्हतं.

त्या शनिवारी कोणी आलं नाही. मी सवयीने दारापाशी उभा होतो, हातात चहा होता, कोणी डोळे वटारणारं नव्हतं, आणि त्या चहाला काही म्हणजे काही चव नव्हती. दुसऱ्या शनिवारीही तेच. बायको म्हणाली, "दार बंद कर, हीट बाहेर चाललीय." मी दार बंद केलं आणि गाडी काढून साडूंकडे गेलो. ते गराजमध्ये यंत्र खोक्यात भरत होते. या देशात आल्यापासून त्यांनी कुठल्याही वस्तूचा खोका टाकलेला नाही, त्यामुळे मूळ खोका, मूळ थर्माकोल, सगळं जागच्या जागी होतं. वर भिंतीवर तो पाट, खाली घोड्यांच्या गाजरांचं अर्धं पोतं. इकडे कसे, असंही त्यांनी विचारलं नाही. मी पोत्यातलं एक गाजर काढलं, नळाखाली धुतलं, गुडघ्यावर मोडलं आणि मोठा तुकडा त्यांच्यासमोर धरला.

"मी काय करू याचं?" ते म्हणाले.

"चावा. पंधरा मिनिटांची घाई नाही."

त्यांनी तो तुकडा दोन-तीनदा फिरवून पाहिला, कुठून सुरुवात करायची असते ते विसरल्यासारखं. मग चावला. घोड्यांसाठी पिकवलेलं गाजर माणसाने चावून खाणं हे सोपं काम नाही. आम्ही दोघं उलट्या क्रेटवर बसून कडाकडा आवाज करत राहिलो. तोंड भरलेलं असल्यामुळे त्यांना मला उपदेश करता येईना आणि मला त्यांची चेष्टा करता येईना. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच एकमेकांशेजारी अर्धा तास बसलो होतो.

मग ते पुन्हा शनिवारी यायला लागले. बाटली नाही, धावपळ नाही. इंजिन बंद करून, कोटाच्या खिशात गाजरं घालून. पायऱ्यांवर बसून आम्ही चावायचो, थंडी असली तर दाराच्या आत बूट काढतात तिथे. चावता चावता अधूनमधून ते काही सांगायचे. वडील त्यांना सायकलवर पुढे बसवून नागपुरातल्या संत्र्यांच्या बाजारात न्यायचे आणि सोललेली फोड स्वतः न खाता यांच्या तोंडात घालायचे. भाऊ हॉकी खेळायचा. रसाच्या काळात यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. घरी ताई त्यांना आता गाजर किसून लावलेलं थालीपीठ वाढायची आणि ते तिच्याकडे न बघता खायचे. "इतकी वर्षं हे तुम्ही लोकच खाऊन राहिले होते?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा ताई म्हणाली, "तुम्हाला देहाचा मोह नव्हता ना." साखर हळूहळू उतरली. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर थाप मारली, असं ते मला दोनदा सांगून गेले.

साठीशांत गेल्या महिन्यात झाली. भाड्याचा हॉल होता आणि आतमध्ये ज्योत लावायची नाही, असा तिथला नियम होता. मग ताईने बॅटरीवरचे साठ दिवे ताटात मांडले. त्यातला एक सारखा लुकलुकत होता आणि साडूंना काही झालं तरी तो बदलून हवा होता, पण लेक म्हणाली, "बाबा, लेट इट बी, इट्स क्यूट." पाट लेकीनेच भिंतीवरून उतरवून पुसला होता. गुरुजींनी बसा म्हटल्यावर साडू त्याच्यापुढे क्षणभर नुसते उभेच राहिले. मग वाकले, पाटाच्या कोपऱ्यातल्या पितळी फुलाला हात लावून तो कपाळाला लावला, आणि बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी होमाच्या धुरावर ढकलणार होतो, पण होमसुद्धा नियमाबाहेर होता.

त्यानंतरच्या शनिवारी ते नेहमीच्या वेळेला आले. ड्राइव्हवेच्या कडेचा बर्फ वितळून पाणी वाहत होतं. पायरीवर बसले, गाजर काढलं, बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "बाबा इथवर नाही आले. भाऊ नाही आला. इथून पुढचं आमच्या घरात कोणालाच माहीत नाही हो."

पंचाहत्तरीबद्दल काहीतरी खवचट माझ्या जिभेवर आलं होतं, पण तोंडात गाजर होतं. त्यांनी खिशातून आणखी एक काढलं, मोडलं आणि मोठा तुकडा माझ्यापुढे धरला. पूर्वी त्यांची बाटली मी एका दमात रिकामी करायचो, म्हणजे ते लवकर जातील. तो तुकडा मी जितका हळू चावता येईल तितका हळू चावला.