नव्या रेपोत जुना संसार

तुम्हाला म्हणून सांगतो, तोंडातला चहा आधी गिळून घ्या. नाहीतर ठसका लागेल.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सगळ्यांचा कोड एका सामायिक रेपोत, म्हणजे सर्व्हरवरच्या कोठारात राहतो. आजवरच्या प्रत्येक बदलाचा इतिहासही त्यातच साठतो. साठून साठून त्याचा हत्ती झाला! म्हणून आमची लीड शिल्पा हिने तो बाद केला आणि इतिहास वगळून नवा कोरा उभा केला.

"सावंत सर, नवी कॉपी घ्या. जुन्यातून फक्त तुमचे बदल वेगळे काढा, त्यांचा पॅच करा आणि तो तिच्यावर चढवा. बाकी जुनं काही आणू नका हं!"

आता हे मला सांगायचं? मुलुंडची आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा नव्या फ्लॅटमध्ये मी जुन्या दाराची कडी आणली. दार नाही, नुसती कडी.

महिनाभराचं काम होतं माझं, फक्त माझ्याच जुन्या फोल्डरात, दुपारी क्लायंटला दाखवायचं. पॅच कोण काढत बसणार? त्याच फोल्डरला नव्या रेपोचा पत्ता दिला, दोन्ही इतिहास जबरदस्तीने जोडले आणि दिलं सर्व्हरवर ढकलून! अंधेरीतले दिवे क्षणभर मंद झाले म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

"सर, काय केलंत हे? हत्ती परत आला!"

"अगं, पण माझं काम आलं ना?"

"सोबत अख्खं खानदान आलंय!"

तिने शांतपणे मी ढकललेलं सगळं पुसलं, रेपो पुन्हा कोरा केला. "आता तरी नवी कॉपी घ्या."

या वेळी मी शहाण्या बाळासारखं ऐकलं. जुना फोल्डर मुळासकट उडवला, नवी कॉपी घेतली.

"घेतली. पुढे?"

"आता जुन्या फोल्डरमधून पॅच काढा."

"कुठला जुना फोल्डर?"

शिल्पा मटकन खाली बसली. म्हणजे बसलेलीच होती, आणखी खाली बसली.

"सर, सर्व्हरवरचंही मी आत्ताच पुसलंय हो!"

वाट लागली! क्लायंटला काय, कडी दाखवू?

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून गिरीश करवादला, "काय यार! मघाशी नवा कोड ओढून घेतला, तर हा जुना कचरा कुठून आला?"

मी धावत जाऊन त्याला मिठीच मारली. "गिऱ्या, हात लावू नकोस! तो कचरा माझा आहे!"

पुसण्याआधीच त्याच्याकडे उतरलेल्या त्या कचऱ्यातून शिल्पाने माझे बदल वेचले, नव्या रेपोवर चढवले. डेमो झकास झाला.

परवा आमचा दुसरा रेपो बदलायचा होता. त्याच दिवशी गिरीश मला आग्रह करकरून जेवायला घेऊन गेला. वर मिठाईसुद्धा! मी अगदी भारावलो. परत येऊन शिल्पाचा सगळ्यांना आलेला मेल वाचला. पहिलीच सूचना होती, "आधी सावंत सरांना ऑफिसबाहेर काढा."