छातीवर चिकटवलेला शब्द

मॅडमनं माझ्या एप्रनवर पिवळी चिठ्ठी चिकटवली आन् दोन बोटांनी दाबली. छातीवर. सगळ्यांसमोर. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं, लाउड-माउथ्ड.

"ही काढायची नाही. सुधारलीस की मी स्वतः काढीन," त्या म्हणाल्या.

जालन्यातल्या एका खाजगी दवाखान्यात मी काउंटरवर होते. पेशंटचं नाव लिहायचं, नंबर द्यायचा, नंबर आला की हाक मारायची. सहा महिने नीट काम केलं की कायम करणार होते. मॅडम आमच्या मॅनेजर, पुण्याहून आलेल्या. दर सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी त्या आम्हाला पर्सनॅलिटी शिकवायच्या. त्या दिवशीचा विषय, माणूस बोलतो कसा. फळ्यावर इंग्रजी विशेषणं लिहिली त्यांनी. सॉफ्ट-स्पोकन, म्हणजे हळू, गोड बोलणारा. वेल-स्पोकन. प्लेन-स्पोकन. मंग एकेकाला चिठ्ठी. औषधाच्या खिडकीवरच्या पोरीला सॉफ्ट-स्पोकन मिळालं, तिनं लाजत लाजत लावून घेतलं. नर्सला वेल-स्पोकन, म्हणजे नीटस बोलणारी. मी आपली ताठ बसून मनात म्हणून राह्यले, आपल्याला प्लेन-स्पोकन मिळंल, सरळ बोलणारी. आन् मिळालं हे.

"हिच्या घरी मेंढ्या आहेत ना, तरीच!" मॅडम हसून म्हणाल्या. सगळे हसले. ती लाजणारीसुद्धा.

जास्त कशाचं लागलं सांगू? मला तो शब्द येत होता, लाउड-माउथ्ड म्हणजे तोंडाळ, बोंबलून बोलणारी. बी. ए. इंग्रजी केलंय मी, केदारखेड्याहून भोकरदनला एसटीनं जाऊन येऊन. हे सगळे जोडशब्द परीक्षेसाठी तोंडपाठ केल्ते. फाउल-माउथ्ड म्हणजे शिवराळ. शार्प-टंग्ड म्हणजे लागट बोलणारा. टंग-टाइड म्हणजे तोंडच न उघडणारा. पाठ करताना कधी डोक्यात आलं न्हाई, की हे शब्द कुणीतरी कुणाला लावत असतं. लावणारा ठरवतो. ज्याला लागतो त्याला कुणी विचारत न्हाई.

आमच्यात मोठ्यानं बोलणं ही रीत हाय. बाप मेंढ्या घेऊन गावोगाव फिरायचा. दुसऱ्याचा कळप बसलेला असला, तर तिकडं जाताना लांबूनच हाळी द्यायची. कुत्री आवाज ओळखतात, माणसं सावध होतात. "बोंबलत जाय. गुपचूप येतो त्यो चोर, न्हाई तं लांडगा," बाप सांगायचा. घरातपण कुणी कानाशी कुजबुजलं की लगेच भांडण. माझ्याबद्दल काय बोलून राह्यले, म्हणून.

हे मॅडमला तिथंच सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलं. पाच महिने झाले होते, एकच राहिला होता. भ्याले मी.

मंग आरशासमोर उभं राहून हळू बोलायला शिकले. 'ओ मामा', 'ओ आजी' बंद. "एक्सक्यूज मी, टोकन नंबर बारा, प्लीज." तीनदा म्हणायचं. कुणी उठलं न्हाई तर नंबर रद्द, त्यानं सगळ्यांच्या शेवटी यायचं. हा नियम आधीपासूनच होता. पण मी ओरडायची, तेव्हा कुणाचा नंबर जात नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनं चिठ्ठी काढली. "बघ, जमतं की!" म्हणाल्या. आन् मला बरं वाटलं. थू माझ्या जिंदगीवर, खरंच बरं वाटलं.

त्याच आठवड्यात पिंपळगाव रेणुकाईची एक आजी आल्ती. एकटीच. शुगर तपासायला, उपाशी पोटी. कानानं कमी हाय, हे नाव लिहितानाच मला कळलं होतं. खिडकीच्या बाकावर बसली. तिचा नंबर आला, मी तीनदा म्हणाले, प्लीज लावून. ती पदर सारखा करत माझ्याकडंच बघून राह्यली होती. दहा पावलांवर. उठून खांद्याला हात लावला असता तरी झालं असतं. पण मॅडम माझ्या मागं उभ्या होत्या. मी पुढचा नंबर घेतला.

एक वाजता आजी बाकावरून खाली घसरली. नर्सनं साखरेचं पाणी पाजलं, डोकं मी मांडीवर घेतलं. डोळे उघडल्यावर म्हणते कशी, "बाई, तुझं तोंड हलताना दिसत होतं गं मला. वाटलं, तुमचं आपसात काही चाल्लंय. मोठ्या माणसांच्या मधात आपण कशाला बोलावं?"

मोठं माणूस! मी! माझ्या आजीच्या वयाची बाई मला भिऊन उपाशी बसली होती. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आजीला आत नेल्यावर मॅडमनं रजिस्टर पुढं केलं. "लिही, तीनदा पुकारलं, पेशंट जागेवर नव्हती. आणि सही कर."

"जागेवरच होत्या त्या."

"हळू बोल."

तिथं माझं डोकं सटकलं. छातीत जेवढा दम होता तेवढा लावला. "जागेवरच होती आजी! मी हळू हाक मारली म्हणून तिला ऐकू गेली न्हाई! सकाळपासून उपाशी बसवलं आपण तिला!"

सगळा हॉल वळला. औषधाची रांग वळली. मी रजिस्टरात तेच लिहिलं, मराठीत, आन् बराबर सही केली.

"कायम व्हायचं आता विसर," मॅडम म्हणाल्या. इतक्या हळू, की शेजारच्या नर्सलापण ऐकू गेलं नसंल. सॉफ्ट-स्पोकनचा अर्थ मला पुस्तकात न्हाई कळला, तिथं कळला.

दुसऱ्या दिवशी मला फाइलींच्या खोलीत टाकलं. हॉलच्या मागं. खिडकी न्हाई. काउंटरवर नवी पोरगी बसवली. घरी माय डोकं खाते, "माफी मागून टाक. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" तिचंपण खरं हाय, पण कशाची माफी मागू? बी. ए. होऊन धूळ झटकून राह्यले मी. चिडचिड होते. फाइली आपटते. मॅडमचा राग हायेच, पण त्या तीन आठवड्यांचा राग त्याच्यापेक्षा जास्त हाय. त्यात अजून किती जणांचे नंबर गेले असतील? मी बघितलंच न्हाई.

राजीनामा मी आपणहून द्यावा, हे त्यांना पाहिजे. बिलकुल देणार न्हाई. खोलीचं दार मी उघडं ठेवते. ती पोरगी तीनदा प्लीज म्हणते, कुणी उठत न्हाई, की मी दारात येऊन ओरडते, "ओ मामा, तुमचा नंबर आला! चला जल्दी!" यासाठी दोन मेमो मिळाले. दोन्हींवर सही केली आन् खाली लिहिलं, आरोप कबूल. तिसऱ्याला काढून टाकतात म्हणे. टाका काढून. पण मी आत हाय तोवर बाकावर बसलेल्या माणसाचा नंबर जाऊ देणार न्हाई.